शहर आणि रचनाकार: लोकसहभागातून लिहिलेली सिंफनी

मित्रहो, विषयाला हात घालण्यापूर्वी एका शब्दाचा खुलासा करतो. मराठीत ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की चित्रपटगीतांचा रंगमंचीय कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो. मी आज ज्याविषयी बोलणार आहे तो सत्तर-ऐंशी वादकांचा पाश्चात्य सिंफनी ऑर्केस्ट्रा आहे. तिथे प्रत्येक वादकासमोर छापील स्वरलिपी असते आणि सहसा तिच्याबाहेरचा एकही स्वर वाजत नाही. आपल्या मैफलीत श्रोत्याच्या दादेवर गायक एखादी जागा पुन्हा घेतो, एखादा विस्तार आवरता घेतो. म्हणजे समोर बसलेल्या माणसाचा गाण्याच्या घडणीत थोडा का होईना वाटा असतो. सिंफनी ऑर्केस्ट्रात तशी सोय नाही. तालमी मोजक्या असतात, वादक स्वरलिपी पाहून वाजवतात, आणि कार्यक्रमाच्या संध्याकाळपर्यंत सगळे ठरून गेलेले असते. त्यामुळे सामान्य नागरिकाला या संगीतात सामील करून घ्यायचे असेल, तर ते कागदावर उतरण्याच्या आधीच करून घ्यावे लागते, आणि रचनाकाराची एकांतातली खोली त्यासाठी उघडावी लागते.

ही खोली उघडण्याचा सर्वांत चिकाटीचा प्रयत्न अमेरिकन रचनाकार टॉड मॅकोव्हर यांनी केला आहे. मॅकोव्हर १९५३ साली जन्मले, न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संस्थेत शिकले, पुढे पॅरिसच्या इर्कॅम या संगीत-संशोधन केंद्रात त्यांनी काम केले, आणि १९८५ पासून ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमध्ये आहेत. टोरांटो सिंफनी ऑर्केस्ट्रासाठी त्यांनी लिहिलेली ‘अ टोरांटो सिंफनी’ ९ मार्च २०१३ रोजी पीटर ऊनजियन यांच्या संचालनाखाली प्रथम वाजली. तिचे उपशीर्षक ‘रचनाकार आणि शहर यांच्यासाठी कॉन्चेर्टो’ असे आहे. कॉन्चेर्टोमध्ये एकल वादक आणि वाद्यवृंद एकमेकांसमोर उभे असतात. त्यांच्यात संवाद असतो तशी चढाओढही असते. एका बाजूला एक माणूस आणि दुसऱ्या बाजूला लाखोंचे शहर अशी ही जोडी. त्या दोघांत निर्णय कोण घेतो, हा आजच्या व्याख्यानाचा खरा प्रश्न आहे.

टोरांटोत काम साधारण असे चालले. नागरिकांनी आपल्या शहराचे आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवायचे. रचनाकाराने त्यांतून आणि आपल्या सुरावटींतून काही तुकडे तयार करून संगणकावर लोकांपुढे ठेवायचे. लोकांनी ते आपल्या मनाप्रमाणे जुळवून परत पाठवायचे, आणि रचनाकाराने त्यांतून पुढचा खर्डा करायचा. यासाठी मीडिया लॅबमध्ये ‘कॉन्स्टेलेशन’ नावाचे साधन तयार झाले होते. पडद्यावर आवाजांचे तुकडे ताऱ्यांसारखे विखुरलेले असतात आणि त्यांच्यामधून वापरणारा जी वाट काढेल त्या वाटेने संगीत आकार घेते. टोरांटोनंतर त्याच वर्षी एडिंबरो, २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ, २०१५ मध्ये स्वित्झर्लंडमधील लुत्सर्न आणि अमेरिकेतील डेट्रॉइट, २०१८ मध्ये फिलाडेल्फिया अशी या शहर-सिंफन्यांची मालिका झाली.

शहरालाच वाद्य करण्याची कल्पना मात्र एवढी नवी नाही. ७ नोव्हेंबर १९२२ रोजी, रशियन क्रांतीच्या पाचव्या वर्धापनदिनी, कॅस्पियन समुद्राकाठच्या बाकू शहरात आर्सेनी अव्राअमोव या रचनाकाराने ‘भोंग्यांची सिंफनी’ सादर केली. कारखान्यांचे भोंगे, जहाजांची शिंगे, तोफा, आणि शेकडो कंठ! एका मनोऱ्यावर उभे राहून निशाणे हलवत त्याने हे सारे चालवले. सहभागाचे यापेक्षा भव्य चित्र मला ठाऊक नाही. पण बारकाईने पाहिले तर त्या दिवशी बाकूच्या कामगाराने काहीही ठरवले नव्हते. भोंगा कधी वाजवायचा हे मनोऱ्यावरचे निशाण सांगत होते.

याच्या नेमके उलटे उदाहरण अठराव्या शतकातले आहे. बर्लिनच्या किर्नबर्गर या संगीतज्ञाने १७५७ मध्ये फाशांच्या साहाय्याने मिन्युएट आणि पोलोनेझ ही नृत्यसंगीते रचण्याची पुस्तिका छापली. मोझार्टच्या निधनानंतर त्याच्या नावावरही असाच एक खेळ प्रसिद्ध झाला. दोन फासे टाकायचे, दोन ते बारा यांपैकी जी बेरीज येईल तिच्या क्रमांकाचा तयार तुकडा तक्त्यातून उचलायचा, आणि असे सोळा तुकडे ओळीने लावले की वाल्झ नावाचे नृत्यसंगीत तयार. ज्याला संगीताचे ओ की ठो कळत नाही त्यालाही रचनाकार झाल्याचा आनंद मिळे. हे जमण्याचे कारण असे की एका रकान्यातले अकराही पर्याय स्वरसंवादाच्या, म्हणजे हार्मनीच्या, एकाच सांगाड्यावर बेतलेले असत. कोणताही उचला, पुढच्याशी तो जुळणारच. जिथे चूक होऊच शकत नाही तिथे निवडीला काही किंमत उरत नाही, आणि आजची पुष्कळशी ‘तुम्हीही संगीतकार व्हा’ छापाची ॲप्स मला या फाशांची वंशज वाटतात.

बाकूच्या भोंग्यांमध्ये सहभाग आहे पण निर्णय नाही. फाशांमध्ये निर्णयाचा आभास आहे पण जोखीम नाही. खरी सहरचना या दोहोंच्या मधे कुठेतरी असली पाहिजे. ती शोधताना दोन अडचणी येतात, आणि त्यांपैकी पहिली निव्वळ कारागिरीची आहे.

समजा, कोणी ट्रामच्या रुळांचा करकराट मुद्रित करून पाठवला. व्हायोलिन वाजवणाऱ्याने त्याचे करायचे काय? एक मार्ग असा की तो आवाज ध्वनिक्षेपकातून जसाच्या तसा ऐकवायचा आणि वाद्यवृंदाला त्याच्या अवतीभवती वाजवू द्यायचे. शहर-सिंफन्यांमध्ये हा मार्ग पुष्कळ वापरला गेला आहे. माझे मत विचाराल तर तो प्रामाणिक असला तरी अपुरा आहे, कारण श्रोत्याचा कान ओळखीच्या आवाजाकडे धावतो आणि समोरचे ऐंशी वादक पार्श्वसंगीत होऊन बसतात. दुसरा मार्ग कठीण आहे. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो हे आपण जाणतो. एका स्वराच्या पोटात अनेक उपस्वर असतात. संगणकाने कोणत्याही आवाजाचे असे पृथक्करण करता येते आणि मग त्यातला एकेक उपस्वर एकेका वाद्याला वाटून देता येतो. फ्रेंच रचनाकार जेरार ग्रिझे याने १९७५ च्या ‘पार्सिएल’ या रचनेत ट्रॉम्बोनच्या एका खर्जातल्या स्वराचे विश्लेषण करून तो अठरा वादकांकडून पुन्हा घडवला. पुढे इर्कॅममध्ये ‘ऑर्किडे’ नावाची संगणकप्रणाली तयार झाली. एखादा आवाज दिला की त्याच्या जवळ जाणारी वाद्यांची जुळणी ती सुचवते, आणि इंग्रज रचनाकार जोनाथन हार्वे याने २००८ च्या ‘स्पीकिंग्ज’मध्ये तिच्या मदतीने वाद्यवृंदाला माणसाच्या बोलण्याची ढब दिली. नागरिकाने पाठवलेला करकराट अशा रीतीने स्वरलिपीत उतरला तर वादक तो स्वतः वाजवतात, आणि तेव्हा तो आवाज त्या संगीताचा होतो.

दुसरी अडचण निवडीची आहे, आणि तिच्यासाठी डेट्रॉइटकडे वळतो. २०१० च्या ऑक्टोबरपासून पुढचे सहा महिने तिथल्या सिंफनी ऑर्केस्ट्राचे वादक संपावर होते. जुलै २०१३ मध्ये डेट्रॉइट महापालिकेने दिवाळखोरी जाहीर केली. मोटारींच्या कारखान्यांनी वाढवलेले आणि मोटाऊन या तिथल्याच ध्वनिमुद्रण कंपनीच्या गाण्यांनी जगभर नेलेले हे शहर आपल्या वाद्यवृंदाला ‘आमचा’ म्हणेल का, हा प्रश्न तिथे शोभेचा नव्हता. या पार्श्वभूमीवर मॅकोव्हर यांच्या ‘सिंफनी इन डी’ या डेट्रॉइटच्या शहर-सिंफनीसाठी मोबाइलवरचे ॲप तयार झाले आणि लोकांनी पंधरा हजारांहून अधिक आवाज पाठवले. २० नोव्हेंबर २०१५ रोजी लिओनार्ड स्लॅटकिन यांनी ती रचना संचालित केली, आणि शहरातली माणसे त्या रात्री वाद्यवृंदासह प्रत्यक्ष रंगमंचावर होती.

पंधरा हजार हा आकडा क्षणभर हातात घेऊन पाहा. प्रत्येक आवाज सरासरी वीस सेकंदांचा धरला, तरी नुसते ऐकायलाच ऐंशीहून अधिक तास लागतील. त्यातून साधारण अर्ध्या तासाची रचना करायची म्हणजे जवळजवळ सगळे बाजूला ठेवायचे. कोणाची आगगाडी घ्यायची, कोणाच्या आजीची हाक वगळायची, याचा निर्णय एक माणूस घेतो, आणि रचना खऱ्या अर्थाने त्या निर्णयांतच घडते. यात अन्याय आहे असे मी म्हणत नाही. पण याला ‘शहराने लिहिलेली सिंफनी’ म्हणणे मला मान्य नाही. शहराने सामग्री दिली, शहराने रचनाकाराचे कान बदलले, आणि लिहिले मात्र त्याने. टोरांटोच्या उपशीर्षकात रचनाकाराचे नाव शहराच्या बरोबरीने ठेवले आहे, म्हणून ते मला अधिक खरे वाटते.

श्रेयाचा हा प्रश्न मुंबईला परका नाही. हिंदी चित्रपटसंगीताच्या भराच्या काळात संगीतकार चाल बांधत असे, आणि तिच्यामागचे व्हायोलिनचे ताफे, ट्रंपेटच्या ओळी, चेलोचे प्रतिस्वर स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाश्चात्य स्वरलिपीत, लिहून काढण्याचे काम पुष्कळदा गोव्यातून आलेले संगीत संयोजक करत. सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली मोठी नावे. चाल कोणाची आणि गाणे कोणाचे, हा वाद आपल्याकडे पुरेशा गांभीर्याने झालाच नाही, आणि त्या लिहिणाऱ्या हातांची आठवण फार उशिरा काढली गेली. शहर-सिंफनीत बाजू उलटलेली आहे. इथे लिहिणाऱ्याचे नाव ठळक आहे आणि मूळ आवाज देणारे अनाम गर्दीत आहेत. दोन्हीकडे कामाची वाटणी नेमकी काय होती ते स्पष्ट लिहून ठेवणे, एवढी तरी अपेक्षा आपण करू शकतो.

मॅकोव्हर यांच्या गटाने केलेल्या कामांपैकी मला सर्वांत मोलाचे वाटते ते मात्र शहर-सिंफन्यांच्या आधीचे आहे. त्याचे नाव हायपरस्कोर. एकविसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला मॉर्वारीड फारबूद आणि एगॉन पास्तोर यांनी मॅकोव्हर यांच्यासोबत मीडिया लॅबमध्ये ते घडवले. स्वरलिपी न येणाऱ्या माणसाने रेषा आणि रंग यांनी संगीत लिहावे, अशी त्याची योजना आहे. एका छोट्या चौकटीत ठिपके मांडून चार-सहा स्वरांचा एक आकृतिबंध करायचा; ठिपका जितका वर तितका स्वर उंच, आणि डावीकडून उजवीकडे काळ सरकतो. त्या चौकटीला एक रंग मिळतो. मग मोठ्या पटावर त्या रंगाच्या पेनाने रेषा ओढायची. रेषा सरळ असेल तर आकृतिबंध त्याच पट्टीत पुन्हापुन्हा वाजतो. रेषा वर वळली तर तो आपली ओळख राखून वर चढत जातो. लाल, निळ्या, हिरव्या रेषा एकमेकींवरून गेल्या की अनेक सुरावटी एकाच वेळी चालू लागतात.

इथपर्यंत फाशांचीच आठवण यावी असे आहे. पण पटाच्या मध्यातून एक आडवी रेषा जाते, स्वरसंवादाची रेषा, आणि या साधनाची सारी बुद्धी तिथे साठली आहे. ती सपाट ठेवली तर संगीत स्थिर राहते. तिला बाक दिला की सगळ्या सुरावटींचा स्वरसंवाद त्या बाकानुसार ताणला जातो, दूरच्या पट्टीकडे जातो, आणि रेषा पुन्हा खाली आणली की तो ताण सुटतो. ताण केव्हा आणायचा, किती वेळ टिकवायचा, सोडायचा की तसाच अर्धवट ठेवायचा, हे वापरणाऱ्याने ठरवायचे असते. पाश्चात्य रचनाशास्त्रात हार्मनीचे हे ज्ञान वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने येते. इथे त्याचे नियम संगणकाने सांभाळले आणि त्याचा निर्णय मुलाच्या हातात दिला. हा निर्णय चुकू शकतो. मी स्वतः हे साधन प्रथम हाताळले तेव्हा उत्साहाने इतके बाक दिले की ताण कुठे जाणवेनाच. सगळाच डोंगर असेल तर चढ कसा कळणार? मग रेषा बराच काळ सपाट ठेवून शेवटी एकदाच वळवली, आणि जे ऐकू आले ते माझे होते.

हायपरस्कोरमधून निघते ती संगणकाला कळणारी स्वरांची नोंद. ती वाद्यवृंदापुढे ठेवण्यासाठी कोणीतरी जाणकाराने वाद्ये ठरवावी लागतात. व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या तारेखालचा स्वर मुलाने लिहिला असेल तर तो व्हिओला या अधिक खालच्या स्वरांच्या वाद्याला द्यावा लागतो. दीर्घ स्वर बासरीला दिला असेल तर वादकाला श्वास घ्यायला जागा शोधावी लागते. गजाच्या हालचाली लिहाव्या लागतात. हे संयोजन मुलाचा निर्णय न बदलता करता येते, आणि त्यातच संयोजकाची कसोटी आहे. २००२ मध्ये बर्लिन येथे संचालक केंट नागानो आणि डॉइचेस सिंफनी ऑर्केस्ट्रा यांनी ‘टॉय सिंफनी’ हा प्रकल्प सादर केला आणि पुढे तो डब्लिन, ग्लासगो, न्यूयॉर्क येथे गेला. त्यात मुलांच्या हायपरस्कोरमधल्या रचना व्यावसायिक वादकांनी वाजवल्या. दहा-बारा वर्षांच्या मुलाने ओढलेली रेषा पन्नाशीतला चेलोवादक गंभीरपणे, गजाचे माप सांभाळत वाजवतो, हे दृश्य ज्यांना शोभेचे वाटत असेल त्यांनी त्या मुलाच्या जागी स्वतःला बसवून पाहावे.

हेच साधन पुढे मॅसॅच्युसेट्समधील ट्यूक्सबरी येथील रुग्णालयात गेले. तिथे सेरेब्रल पाल्सी असलेला एक तरुण होता. चालणे आणि बोलणे त्याला कठीण होते. डोक्याच्या हालचालीने पडद्यावर खूण करत तो हायपरस्कोरमध्ये रेषा ओढू लागला आणि रचना करू लागला. रचना पूर्ण झाली, पण ती वाजवताना लय किती, जोर किती, स्वर तोडायचा की जोडायचा, हे यंत्र ठरवत होते. म्हणून मीडिया लॅबच्या मंडळींनी त्याच्यासाठी आणखी एक साधन तयार केले. त्याच्या डोक्याच्या हालचाली टिपून त्यांवरून लय, जोर आणि स्वरांची तोड-जोड बदलणारे ते साधन होते. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील टेड परिषदेत मॅकोव्हर यांनी आपले भाषण केले, आणि मग तो तरुण पुढे आला. त्याने आपली रचना स्वतः सादर केली.