दवंडीची घंटा आणि उडणारे हत्ती

रातकिडे किरकिरतायत. मध्येच एखादा पक्षी. मग ढोल, दबक्या हातानं, आणि त्यावर बासरी. १९७१ साली आलेल्या एका रेकॉर्डची ही सुरुवात. बँडचं नाव ओसिबिसा, मुक्काम लंडन.

आता मुखपृष्ठ बघा. हत्ती, आणि हत्तींना किड्यांसारखे पंख! रॉजर डीन या चित्रकाराचं काम. एवढं अवजड जनावर हवेत कसं, असं वाटत असेल तर थांबा, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन एकदम सुरू होऊ द्यात.

टेडी ओसेई घानाच्या कुमासीचे. १९६२ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला आले, १९६९ मध्ये त्यांनी हा बँड उभा केला. सॅक्सोफोन आणि बासरी स्वतःकडे. ट्रम्पेटवर भाऊ मॅक टॉन्टो, ड्रम्सवर सोल अमार्फियो. एक नायजेरियाचा. गिटार अँटिग्वाच्या माणसाकडे, बेस ग्रेनाडाच्या, की-बोर्ड त्रिनिदादच्या. माणसं सातच, पण डोळे मिटून मोजायला बसलात तर हिशोब चुकतो.

आफ्रिका आणि कॅरिबियन लंडनमध्ये भेटले, असं म्हणायची पद्धत आहे. भेट खरं तर शंभर वर्षं आधीच झाली होती, घानाच्या किनाऱ्यावर. १८७० च्या दशकात अशांती राज्याशी लढायला इंग्रजांनी वेस्ट इंडीजच्या काळ्या सैनिकांच्या पलटणी तिथे उतरवल्या. पलटणीबरोबर तिचा बँडही आला. कवायत संपली की हे वादक आपल्या बेटांवरच्या चाली वाजवायचे. किनाऱ्यावरच्या फांटी लोकांनी ती पितळी वाद्यं उचलली आणि त्यांत आपला ताल घातला. आपल्याकडे लष्करी बँड वरातीत शिरला, तसंच काहीसं. यातूनच पुढे हायलाइफ, म्हणजे घानाचं नाचायचं संगीत, घडत गेलं. त्याच किनाऱ्यावरच्या एका तालाला म्हणतात ओसिबिसाबा. बँडचं नाव तिथून आलंय.

१९७१ च्या त्या पहिल्याच रेकॉर्डवर ‘म्युझिक फॉर गाँग गाँग’ ही चाल आहे. गाँग गाँग म्हणजे काठीनं ठोकायची लोखंडी घंटा. घानाच्या खेड्यांत दवंडी पिटणारा हीच वाजवत फिरतो. तिकडच्या तालात घंटेचं काम भजनातल्या टाळकऱ्यासारखं: ढोलांनी कितीही खोड्या काढल्या तरी तिनं आपला ठोका सोडायचा नाही. त्यात फंकचा, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ठेकेदार नाचसंगीताचा, बेस येतो. तो फार बोलत नाही, चार सूर टाकून गप्प बसतो, आणि त्या गप्प जागेतच पाय हलायला लागतात.

१९७६ मध्ये ‘सनशाइन डे’ ब्रिटनच्या खपाच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या विसात गेलं. गाणं गोड आहे, पण आमची पसंती शब्द नसलेल्या चालींना.

टेडी ओसेई जानेवारी २०२५ मध्ये गेले, ८७ व्या वर्षी. असल्या संगीतासाठी दुकानात फळी कुठली, हे लंडनच्या रेकॉर्डवाल्यांनी १९८७ मध्ये एकत्र बसून ठरवलं, आणि फळीवर पाटी लावली: ‘वर्ल्ड म्युझिक’. ओसिबिसाला वाजवायला लागून तेव्हा अठरा वर्षं झाली होती.