रात्री दोनला वाचायचा कागद

श्रोतेहो, नमस्कार. आज दुकानदार, कारखानदार, कॅटरिंगवाले आणि दिवाळीत फटाक्याचा स्टॉल टाकणारे, या सगळ्यांशी बोलायचंय. विषय आहे धोकादायक मालाचा परवाना कसा काढायचा आणि त्याचे पैसे कसे भरायचे. धोकादायक म्हटलं की लोक म्हणतात, आमच्याकडे कुठला दारूगोळा? अहो, बाटलीतलं ॲसिड, डब्यातलं थिनर, पोत्यातलं कॉस्टिक, ड्रममधलं हायड्रो, मांडवामागच्या गॅसच्या टाक्या, सगळं त्यात येतं.

मी एकतीस वर्षं सोलापुरात लोकांचे परवान्याचे कागद भरून दिले. अक्षर चांगलं, एवढंच भांडवल. त्यातला एक कागद मी चुकीचा भरला, आणि त्याचीच गोष्ट आधी सांगतो.

पूर्वभागात आमचे एक अण्णा आहेत. नाव सांगत नाही, ते ऐकत असतील. सूत रंगवायचा त्यांचा छोटा कारखाना. पत्र्याची शेड, दोन हौद, सूत वाळत घालायच्या काठ्या आणि कोपऱ्यात हायड्रोचे चार ड्रम, पन्नास-पन्नास किलोचे. रंगवाल्यांना हायड्रो सांगायला नको. इतरांसाठी सांगतो, हायड्रो म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. ती पांढरी पावडर असते, सूत रंगवताना लागते. कोरडी आहे तोवर गरीब गाय. थोडी ओल लागली की आतल्या आत तापते, धुमसते आणि पेट घेते.

अर्ज भरताना मी विचारलं, "अण्णा, मालाचं वर्णन काय लिहू?" अण्णा म्हणाले, "हायड्रो लिवू नको मालक. नाव बघितलं की तपासणीला येतंय, फीस वाढतंय. रंगाची पावडर लिव की. खोटं हाय का ते? रंगालाच लागतंय." मलाही ते पटलं. पटलं म्हणजे, दुपारचे दोन वाजले होते आणि मला भूक लागली होती. मी सुंदर अक्षरात लिहिलं, 'रंगाची पावडर, ड्रम ४'. परवाना आला. अण्णांनी तो लॅमिनेट केला.

इथं थांबून सांगतो, परवाना लॅमिनेट करू नका. त्यावर पुढं शिक्का मारायचा असतो, नूतनीकरणाची नोंद करायची असते. शाई काय प्लॅस्टिकवर बसणार आहे? आपल्याकडे जन्मदाखल्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं लॅमिनेट करायचं जे खूळ आहे, त्यावर मी एक अख्खं भाषण देऊ शकतो. पण असो.

नवरात्राच्या तोंडावरचा परतीचा पाऊस. सोलापूरचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, वर्षभर तोंड दाखवत नाही आणि आला की एका रात्रीत हिशोब मिटवतो. रात्री दोनला माझा फोन वाजला. "मालक, या लवकर. धूर निघालाय." मी तसाच लुंगीवर, डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून स्कूटरवर निघालो. गल्लीच्या तोंडाशीच वास आला. शंभर काड्या एकदम ओढल्यावर येईल तसा, घशात टोचणारा. बायका पदर नाकाला लावून पोरांना बाहेर काढत होत्या. शेजारचे माग बंद पडलेले. अग्निशामकची गाडी येऊन उभी होती आणि जवान पाइप उलगडत होते.

अधिकाऱ्यांनी मोठ्यानं विचारलं, "मालक कोण आहे?" आता सोलापुरात हा प्रश्न विचारावा का? सहाजण पुढं आले. इथं रिक्षावालाही मालक, गिऱ्हाईकही मालक. शेवटी अण्णांना पुढं ढकललं. "आत काय आहे? परवाना दाखवा." परवाना होता भिंतीवर, मार्कंडेय महामुनींच्या तसबिरीखाली, वाळलेल्या हारासकट. अधिकाऱ्यांनी तो उतरवला, हार बाजूला केला आणि बॅटरीच्या उजेडात वाचला. लॅमिनेशनवर उजेड चमकत होता, म्हणून तिरका धरून पुन्हा वाचला. "रंगाची पावडर. म्हणजे कसली पावडर?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी अण्णांकडे बघितलं.

तेवढ्यात शेडमध्ये झोपणारा एक पोरगा, अठरा-एकोणीसचा, खोकत खोकत ओरडला, "साहेब, पाणी मारू नका! हायड्रो आहे!" पत्रा गळून एका ड्रमच्या झाकणावर धार लागली होती, आणि त्याच ड्रमवर आम्ही सगळे मिळून आणखी पाणी ओतणार होतो. पाइप तिथंच थांबला. अधिकारी म्हणाले, "कोरडी वाळू आणा."

वाळू! अर्जात मीच लिहिलं होतं, 'वाळूच्या बादल्या, नग ३'. लाल रंगाच्या तीन बादल्या होत्याही. पहिलीत विड्यांची थोटकं आणि पानाच्या पिचकाऱ्या. दुसरी सुताची टोकं टाकायला घेतलेली. आणि तिसरीत, श्रोतेहो, वहिनींनी कोथिंबीर लावली होती. चांगली वीतभर आलेली. समोर एका घराचं बांधकाम चालू होतं. तिथला वाळूचा ढीग ताडपत्रीखाली झाकलेला, म्हणून कोरडा राहिलेला. घमेल्या घमेल्यानं ती वाळू आली. तीन ड्रम बाहेर ओढले, चौथा वाळूखाली गेला. कुणाला इजा झाली नाही. देवाची कृपा म्हणा, नाहीतर समोरच्या बांधकामाची.

दुसऱ्या दिवशी त्या अधिकाऱ्यांनी मला बोलावून घेतलं. वाटलं, आता झाडणार. त्यांनी चहा मागवला आणि तो कागद पुढं ठेवला. "हा तुम्ही कुणाला लिहिला?" मी म्हटलं, "साहेब, ऑफिसला." ते म्हणाले, "ऑफिस रात्री झोपलेलं असतं. रात्री दोनला हा कागद मी वाचतो."

त्यानंतर मी एकही अर्ज मोघम भरला नाही. म्हणून तीन शब्द लक्षात ठेवा: काय, किती, कुठं. काय म्हणजे रसायनाचं खरं नाव. किती म्हणजे जास्तीत जास्त साठा, आजचा नव्हे. कुठं म्हणजे नकाशावर नेमकी खोली. काय, किती, कुठं. २०२५ च्या मे महिन्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ माणसं गेली. त्यावर सोलापूरकरांना मी वेगळं काय सांगू?

काचेपलीकडून मला घड्याळ दाखवतायत, तेव्हा आता भराभर. कुठल्या दारात जायचं? शहरात ज्वालाग्राही किंवा घातक माल ठेवायचा, तसा धंदा करायचा, तर महापालिका अधिनियमाच्या कलम ३७६ खाली महापालिकेचा परवाना. सांडपाणी, धूर, रसायनाचा गाळ असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. पेट्रोल, गॅस, स्फोटकांचे मोठे साठे असतील तर केंद्र सरकारची पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा बघणारी संस्था. तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

कॅटरिंगवाल्यांनो, गॅस १०० किलोपर्यंत विनापरवाना ठेवता येतो. व्यावसायिक टाकी १९ किलोची, म्हणजे पाच टाक्या ९५ किलो. सहावी आली की परवाना. पाच चालतात, सहावी नाही. पेट्रोल किंवा तसंच चटकन पेटणारं थिनर स्वतःच्या वापराला ३० लिटरपर्यंत, विक्रीला नाही.

ॲसिड विकणाऱ्यांनी २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश विसरू नये. रजिस्टर ठेवायचं, फोटोचं सरकारी ओळखपत्र बघायचं, कशाला हवं ते लिहून घ्यायचं, अठराच्या आतल्याला द्यायचं नाही. साठा प्रांताधिकाऱ्यांना कळवायचा. न कळवलेला साठा सापडला तर पन्नास हजारांपर्यंत दंड.

फटाक्यांचे तात्पुरते स्टॉल न जळणाऱ्या पत्र्याचे हवेत, दोन स्टॉलमध्ये तीन मीटर अंतर, तोंडं समोरासमोर नकोत, एका ठिकाणी पन्नासपेक्षा जास्त नकोत. फटाक्यांवरून आठवलं, गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं ना, ते हल्ली लोक मोबाईलमधून बघतात. समोर अख्खं आभाळ उजळलंय आणि हे पाच इंचात बघतायत! मान मोडेपर्यंत वर बघायचं असतं ते.

आता पैसे. आधी विचारा, मग भरा. महापालिकेचं शुल्क महापालिकेतच. राज्य सरकारच्या खात्याचं बहुधा ग्रास प्रणालीवर, म्हणजे सरकारी पैसे ऑनलाइन भरायच्या संकेतस्थळावर, ई-चलनानं. तिथं खातं, कार्यालय आणि लेखाशीर्ष, म्हणजे पैसे कुठल्या सदरात जमा व्हायचे ते, या तीन गोष्टी कचेरीत विचारून कागदावर लिहून घ्या, मगच बटण दाबा. चुकीच्या शीर्षात गेलेले पैसे सरकारजमा होतात, पण तुमच्या कामाला येत नाहीत, आणि परताव्यासाठी चपला झिजतात. चलनावरचा जीआरएन, म्हणजे त्या भरण्याचा क्रमांक, जपून ठेवा. वापरलेलं चलन कचेरीत डिफेस होतं, म्हणजे वापरलं अशी त्यावर नोंद पडते, ते दुसऱ्यांदा चालत नाही. आणि पावती म्हणजे परवाना नव्हे. पुन्हा सांगतो, पावती म्हणजे परवाना नव्हे. पैसे भरले म्हणून माल आणून ठेवलेले लोक मी पाहिलेत.

मुदतीही वेगवेगळ्या. फटाके-स्फोटकांचे परवाने, तात्पुरत्या स्टॉलचे सोडून, ३१ मार्चला संपतात, गॅसच्या टाक्यांचे ३० सप्टेंबरला, पेट्रोलचे ३१ डिसेंबरला. कुठल्या वर्षी ते परवान्यावरच बघा. आगीच्या यंत्रणेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत.

परवा अण्णांकडे गेलो होतो. दारावर आता फळा आहे, 'हायड्रो, ३ ड्रम, डावीकडची खोली, पाणी लागू देऊ नये'. मी म्हटलं, "अण्णा, परवान्यावर चार आहेत." म्हणाले, "एक काल संपलं की मालक, म्हणून पुसलं." तिन्ही बादल्यांत वाळू होती. कोथिंबीर आता तेलाच्या डब्यात लावलीय. नमस्कार.