ठरलं म्हणून थांबायचं : जुनाट दुखण्यावर मानसोपचार

(दृश्य : खिडकीच्या काचेला टेकवून धरलेली एमआरआयची फिल्म. मागून उजेड.)

या पाकिटात अशा चार फिल्म आहेत. प्रत्येकीवर कुणीतरी पेनानं गोल केलाय. इथं गादी सरकलीय, इथं झीज आहे. पाकीट ज्यांचं आहे त्या शिक्षिका आहेत. 41 व्या वर्षी त्यांची कंबर धरली, आज त्या 47 वर्षांच्या आहेत. नाव सांगायचं नाही असं ठरलंय. थेरपिस्ट त्यांना ताई म्हणतात, आपणही तेच म्हणू.

फिल्ममध्ये दिसतं ते खोटं नाही. पण ज्यांची कंबर कधीच दुखत नाही, अशा माणसांचे स्कॅन काढले तरी गादीची झीज दिसते. विशीतल्या 37 टक्के लोकांमध्ये, ऐंशीच्या घरातल्या 96 टक्के लोकांमध्ये. 2015 साली बऱ्याच अभ्यासांची गोळाबेरीज करून हे आकडे मांडले गेले. केस पिकतात तशी गादीही पिकते. पेनानं केलेला गोल आणि कमरेतली कळ यांचा थेट संबंध असेलच असं नाही.

सहा वर्षांत हे ताईंना कुणी सांगितलं नव्हतं.

(दृश्य : खोलीचं दार. ताई आत येतात, खुर्चीच्या कडेवर बसतात.)

त्यांना शेवटी सांगितलं गेलं ते एवढंच : आता मानसोपचार घेऊन बघा. ताईंना त्यातून ऐकू आलं ते वेगळंच. म्हणजे मी नाटक करते का?

पहिल्या भेटीचं चित्रीकरण आमच्याकडे नाही. त्या दिवशी कॅमेरा नको, असं त्या म्हणाल्या. हे दृश्य दुसऱ्या भेटीचं आहे. थेरपिस्ट बोलतायत ते नीट ऐका.

"ताई, तुमचं दुखणं शंभर टक्के खरं आहे. ते खरं आहे म्हणूनच आपण इथं बसलोय."

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

हे वाक्य सहज आलेलं नाही. त्यामागं एक पैलवान आहे.

जॉन बोनिका. जन्म 1917, सिसिलीजवळच्या फिलिकुडी या छोट्या बेटावर. अमेरिकेत वाढलेला हा मुलगा कुस्त्यांच्या कमाईवर वैद्यकीय शिक्षण घेत होता. आखाड्यात तो मुखवटा घालून उतरायचा. दुसऱ्या महायुद्धात भूलतज्ज्ञ म्हणून लष्करी रुग्णालयात रुजू झाल्यावर त्यांना असे जवान भेटले, ज्यांच्या जखमा भरल्या होत्या पण दुखणं थांबत नव्हतं. कुस्तीनं मोडलेल्या सांध्यांमुळे बोनिका स्वतःही जन्मभर दुखणं सोसत राहिले. एकट्या डॉक्टरनं हे आवरणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. 1960 च्या सुमारास त्यांनी सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात भूलतज्ज्ञ, शल्यविशारद आणि परिचारिका यांना एका टेबलाभोवती आणलं. एकच पेशंट सगळ्यांनी मिळून बघायचा. आज हे साधं वाटतं, तेव्हा नव्हतं.

त्याच विद्यापीठात विल्बर्ट फोर्डाइस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. ते वॉर्डात बसून नुसते बघायचे. त्यांना दिसलं ते असं. पेशंट कण्हला की गोळी मिळते, आराम मिळतो, कुणीतरी धावत येतं. तोच पेशंट उठून चार पावलं चालला तर कुणाचं लक्षही जात नाही. यात वाईट कुणीच वागत नसतं, सगळे काळजीनंच करत असतात. तरी हळूहळू शरीर शिकतं की दुखलं, म्हणजे थांबायचं.

फोर्डाइस यांनी हा क्रम उलटा केला. गोळी दुखेल तेव्हा द्यायची नाही, घड्याळ बघून द्यायची. व्यायाम असह्य होईपर्यंत करायचा नाही, ठरलेला आकडा झाला की थांबायचं. कौतुक कण्हण्याचं करायचं नाही, पाऊल टाकण्याचं करायचं.

(दृश्य : टेबलावरचा चावीचा टायमर. काटा सरकतोय.)

आता हा टायमर बघा. आमच्या मते या सगळ्या माहितीपटाचा जीव या एका वस्तूत आहे.

ताईंचा आठवडा कसा जायचा? ज्या दिवशी बरं वाटेल त्या दिवशी साठलेली सगळी कामं उरकायची. वह्या तपासायच्या, कपाट आवरायचं, फरशी पुसायची. पुढचे दोन दिवस अंथरुणात. पुन्हा बरं वाटलं की पुन्हा तेच. दरवेळी अंथरुणातले दिवस थोडे वाढायचे आणि कामाचे थोडे घटायचे. जुनाट दुखणं असलेल्या कुणालाही विचारा, हे चक्र त्याला तोंडपाठ असतं.

थेरपिस्टनी सांगितलं, आठवडाभर फक्त मोजा. काही सुधारायचं नाही. कळ वाढायला लागेपर्यंत किती मिनिटं उभं राहता येतं, तेवढं लिहा.

(दृश्य : वहीचं पान, जवळून.)

12. 4. 9. 15. 5. 8. 10.

बेरीज 63. सरासरी 9. आणि सुरुवात 9 पासून नाही, 7 पासून. ताईंनी तिथंच हरकत घेतली. "मॅडम, मी 15 मिनिटं उभी राहिलेय की!" त्यावर उत्तर आलं, "राहिलात. दुसऱ्या दिवशी 5 वर आलात."

म्हणून 7. बरं वाटत असेल तरी 7. मरगळ असेल तरीही 7. टायमर वाजला की बसायचं. आठवड्यानं एक मिनिट वाढवायचं. याला शिस्त लागते, आणि ती नेमकी उलट्या बाजूची लागते. जास्त करण्याची सवय आपल्या सगळ्यांना असते, वेळेवर थांबण्याची नसते.

(दृश्य : पाठीच्या कण्याचं साधं रेखाचित्र, हळूहळू उमटत जाणारं.)

असं करून दुखण्यावर काय फरक पडणार, हा प्रश्न रास्त आहे. 1965 मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की शरीराकडून येणारा संदेश मेंदूकडे सरळ जात नाही. वाटेत, पाठीच्या कण्यात, जणू एक फाटक आहे. ठेच लागली की आपण तिथं चोळतो आणि बरं वाटतं. चोळण्याचा स्पर्श ते फाटक थोडं बंद करतो. वरून मेंदूही ते बंद करू किंवा उघडू शकतो. भीती, जागरण, चिंता, सतत दुखण्याकडेच लागलेलं लक्ष, यांनी ते उघडं राहतं. तपशील पुढं बदलले, पण मेंदूचा हा हात कुणी नाकारला नाही. दुखणं 3 महिन्यांपलीकडे रेंगाळलं की मज्जासंस्था हळवी होऊन बसू शकते, मग साध्या वाकण्यालाही ती जखम समजते.

(दृश्य : टेबलावर मांडलेले फोटो. बाजूला 0 ते 100 आकडे लिहिलेली उभी पट्टी.)

कुणी बुटाची नाडी बांधतंय. कुणी बादली उचलतंय. कुणी जिना उतरतंय. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी रोजच्या हालचालींच्या अशा 100 फोटोंचा संच केला. ज्या हालचालीची जेवढी भीती, तेवढा तो फोटो पट्टीवर वर. ताईंचा हात बघा. बाकीचे फोटो त्या पटापट लावतात. हा एक मात्र हातातच राहतो : खाली वाकून खोकं उचलणारी बाई.

तो त्यांनी 95 वर ठेवला.

"उचललं तर काय होईल?"

"मणका जाईल."

"जाईलच, असं किती टक्के वाटतं?"

"80."

डॉक्टरांनी आधीच तपासून हालचालीला मोकळीक दिली होती, हे इथं सांगायलाच हवं. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, ताप, कारण नसताना वजन घटणं, असं काही असेल तर आधी डॉक्टर, थेरपी नंतर.

(दृश्य : जमिनीवर वह्यांनी भरलेलं खोकं. निवेदन नाही. 40 सेकंद.)

"आता किती?"

"50... 40."

त्या दिवशी ताईंनी खोकं आणखी तीनदा उचललं. शेवटचा आकडा 15 होता. रात्री कंबर दुखली. मणका गेला नाही.

सकारात्मक विचार करा, असं या खोलीत कुणी म्हणत नाही. ते आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं, कारण दुखणाऱ्या माणसाला तो सल्ला उठता-बसता मिळत असतो. इथं विचार तपासायला घेतात. ताईंच्या वहीत एका जागी लिहिलंय : "आज जास्त दुखतंय, म्हणजे ऑपरेशन आलंच." थेरपिस्टनी "म्हणजे" या शब्दाखाली रेघ मारलीय. बाकी काही नाही.

(दृश्य : डोळे मिटून बसलेला गट. फक्त हात दिसतात.)

याच्या आणखीही वाटा आहेत. 1979 मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये ध्यानावर आधारलेला वर्ग सुरू केला, त्यात जुनाट दुखण्याचे पेशंट पहिल्यापासून होते. दुसरी एक पद्धत दुखणं घटवायच्या मागेच लागत नाही. दुखणं असतानाही तुम्हाला कशासाठी जगायचंय, तिकडे पाऊल टाकायला ती शिकवते.

गुण किती येतो? 2020 मध्ये 75 चाचण्या एकत्र बघितल्या गेल्या, 9 हजारांहून जास्त लोकांच्या. विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या थेरपीचा सरासरी फायदा लहान, पण खरा. अमेरिकेत बोल्डरला 151 जणांवर झालेल्या एका चाचणीत पाठदुखीकडे नव्यानं बघायला शिकवलं गेलं. थेरपी मिळालेल्यांपैकी 66 टक्के जण शेवटी दुखण्यातून पूर्ण किंवा जवळजवळ मोकळे झाले. नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्यांमध्ये हे प्रमाण 10 टक्के होतं. मात्र त्यांचं दुखणं सौम्य ते मध्यम होतं, सगळ्यांना हा आकडा लागू नाही. नोकरी सुटते, झोप जाते, घरातली माणसं दुरावतात. थेरपीला पोचेपर्यंत हे बहुतेकांचं होऊन गेलेलं असतं.

म्हणूनच ती शेवटी का, हा आमचा प्रश्न आहे. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 1979 सालीच व्याख्येत लिहिलं की वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचाही अनुभव आहे. 2020 च्या सुधारित व्याख्येला टीप जोडली, माणूस दुखतंय म्हणतो तर त्याच्या सांगण्याचा मान राखावा. ताईंना मानसोपचाराची चिठ्ठी मिळायला सहा वर्षं लागली. ती पहिल्या फिल्मबरोबर मिळायला हवी होती.

(दृश्य : वर्ग. फळ्यापाशी ताई. टेबलावर तोच टायमर.)

हा नववा आठवडा आहे. आकडा 15. वहीतल्या पहिल्या आठवड्यातल्या सगळ्यात चांगल्या दिवसाएवढा. फरक इतकाच की आता तो रोजचा आहे.

(टायमर वाजतो.)

ताईंचं वाक्य अर्धं फळ्यावर आहे. कंबर अजून दुखायला लागलेली नाही. त्या खडू ठेवतात, आणि बसतात.