‘नवा’ ठरण्याआधी: नरसाळ्याच्या जाळ्यातला कोळी

[दृश्य: डोंगरउतारावरचं ओलं जंगल. शेवाळलेला ओंडका, त्याच्या तळाशी पांढरट चादर, चादरीच्या टोकाला एक भोक.]

डोंगरात सापडलेला कोळी नवी प्रजाती आहे का, हे ठरवण्याची वाट लांब असते. आधी दिसतं ते जाळं. रेशमाची आडवी चादर एका बाजूला आवळत जाते आणि नळी होऊन लाकडाखाली शिरते. नळीच्या तोंडाशी कोळी पुढचे पाय चादरीवर टेकून बसलेला असतो. एजेलेनिडी कुळातल्या कोळ्यांचं हे घर. चादर चिकट नसते. वर ताणलेल्या आडव्यातिडव्या धाग्यांत अडखळून किडा खाली पडतो, त्याची धडपड कोळ्याच्या पायांना जाणवते आणि तो धावत सुटतो. याच कुळातल्या सीलोटिनी उपकुळाचे कोळी डोंगरी जंगलांत भरपूर. त्यांची चादर मात्र आखूड, कधी कधी तर नळीच्या तोंडाभोवती नुसती झालर. दगड उलटवल्याशिवाय पत्ता लागत नाही.

नरसाळं दिसलं म्हणून कुळ ठरवू नये. हिप्पासा हा जीनस (जवळच्या प्रजातींचा गट) लांडगा कोळ्यांचा, पण गवतात हुबेहूब असंच जाळं विणतो. फरक डोळ्यांत: एजेलेनिडीत चार-चारच्या दोन ओळी, लांडगा कोळ्यांत पुढे चार बारीक आणि मागे चार मोठे. शिवाय हिप्पासाची मादी अंड्यांची पिशवी शरीराच्या मागच्या टोकाला चिकटवून फिरते. आणि ऑस्ट्रेलियातला तो प्रसिद्ध विषारी नरसाळी कोळी, अ‍ॅट्रॅक्स? तो तर फारच लांबचा. त्याचे विषदंत एकमेकांना समांतर खाली येतात, आपल्या कोळ्याचे चिमट्यासारखे समोरासमोर मिटतात.

[दृश्य: रात्र. डोक्यावरच्या दिव्याचा झोत जाळ्यावर.]

पकडताना घाई नडते. जाळ्याच्या नळीला बहुधा मागून दुसरं तोंड असतं. समोरून डिवचलं की कोळी तिथून निसटतो आणि हाती रिकामं जाळं राहतं. म्हणून आधी मागचं तोंड शोधून तिथे बाटली लावायची, मगच पुढून गवताची काडी हलवायची. जाळ्याचा फोटो त्याआधी. कोळ्याचाही जिवंतपणीच, कारण अल्कोहोलमध्ये रंग उतरतात.

डोंगरावरचे हे कोळी उन्हात तापलेल्या गाडीत तग धरत नाहीत. शेवटची कात बाकी असलेला जीव सापडला, तर तो गार डब्यात, ओल्या शेवाळावर ठेवून वाढवावा लागतो. अर्धवट वाढलेल्या कोळ्यावरून नवी प्रजाती ठरवता येत नाही, कितीही वेगळा दिसला तरी.

नमुना ७० ते ८० टक्के इथेनॉलमध्ये. डीएनएसाठी उजव्या बाजूचा एक पाय वेगळा, ९५ टक्क्यांहून तीव्र इथेनॉलमध्ये आणि थंडीत. अख्खा कोळी तीव्र अल्कोहोलात टाकला तर सांधे कडक होतात आणि हात लावताच पाय तुटतात. चिठ्ठी बाटलीच्या आत, पेन्सिलनं लिहिलेली. बॉलपेनची शाई अल्कोहोलात विरघळते. अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, आणि कोळी नेमका कुठे होता: ओंडक्याखाली, कपारीत की पालापाचोळ्यात. चिठ्ठी हरवली की उरतो तो नुसता एक मेलेला कोळी.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली नराचा पाल्प.]

खरा निकाल लागतो तो इथे. नराच्या तोंडाजवळचे दोन आखूड पायांसारखे अवयव म्हणजे पाल्प. त्यांच्या फुगीर टोकातून नर वीर्य मादीकडे पोचवतो. मादीच्या पोटाखालची कठीण पट्टी म्हणजे एपिजाइन. शेजारच्या दोन प्रजाती रंगानं, आकारानं जुळ्या असतील, पण पाल्पवरच्या काट्याचं वळण किंवा एपिजाइनच्या दातांमधलं अंतर वेगळं निघतं. चित्र प्रथेप्रमाणे डाव्या पाल्पचं काढतात. डावा तुटला असेल तर उजवा चालतो, पण तसं लिहायलाच हवं, नाहीतर पुढचा माणूस आरशातली प्रतिमा पडताळत बसतो.

एपिजाइन बारीक सुईनं सोडवून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये साफ करतात. मांस विरघळतं आणि आतल्या वीर्यकोशांच्या नळ्या दिसू लागतात. जास्त वेळ ठेवलं तर त्या पारदर्शक होऊन तपशीलच जातो. समागमानंतर छिद्रावर बसलेलं राळेसारखं बूचही सापडू शकतं. ते अवयव समजून रेखाटलं, की एक नसलेली प्रजाती जन्माला येते.

मोजमापात भरवसा शिरोवक्षाच्या, म्हणजे डोकं आणि छाती मिळून झालेल्या पुढच्या भागाच्या, लांबीचा. पोट अंड्यांनी फुगतं, अल्कोहोलात आक्रसतं.

[दृश्य: दोन डोंगरमाथे, मध्ये खोल दरी.]

डोंगरांत इतक्या प्रजाती का? रेशमाच्या धाग्यावर वाऱ्याबरोबर उडणं हे कोळ्यांचं दूर पसरण्याचं साधन. सीलोटिनींची धाव बहुतेक पायी. खालची कोरडी, उष्ण दरी त्यांना समुद्रासारखी. माथ्यामाथ्यावरची वस्ती वेगळी पडते आणि वेगळीच वाढते. त्यामुळेच डीएनएचा आकडा जपून वापरावा. बारकोडसाठी, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून प्रजाती ओळखण्यासाठी, सीओआय नावाच्या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात, पण एकाच प्रजातीतही डोंगरागणिक फरक बराच निघतो. केवळ त्यावरून प्रजाती पाडणं आमच्या मते धोक्याचं. अ‍ॅट्रॅक्समध्ये २०२५ साली डीएनए आणि शरीररचना दोन्ही जुळवून पाहिल्यावर एका नावाखाली तीन प्रजाती निघाल्या: रोबस्टस, जुनंच नाव परत मिळालेला मोंटॅनस, आणि नवा क्रिस्टेन्सेनी.

मग नाव. कोळ्यांची नावं स्वीडिश अभ्यासक क्लेर्कच्या १७५७ सालच्या ग्रंथापासून धरतात, बाकी प्राण्यांच्या नावांची सुरुवात जिथून मानतात त्या लिनियसच्या ग्रंथाच्याही एक वर्ष आधी. प्राणिशास्त्रात हा अपवाद फक्त कोळ्यांसाठी. क्लेर्कचा अरेनियस लॅबिरिंथिकस पुढे अ‍ॅजेलेना जीनसमध्ये गेला आणि जीनस स्त्रीलिंगी म्हणून लॅबिरिंथिका झाला. नव्या नावालाही हे व्याकरण पाळावं लागतं. नाव ज्या एका नमुन्याला बांधलेलं असतं तो होलोटाइप. तो कोणत्या संग्रहात ठेवला हे लेखात सांगणं सक्तीचं, आणि केवळ ऑनलाइन छापायचं असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदही.

[दृश्य: तोच ओंडका. पानगळ सुरू झालेली.]

वर्णनात पुष्कळदा एक ओळ येते: ‘नर अज्ञात’. समशीतोष्ण डोंगरांत यातल्या बऱ्याच प्रजातींचे नर शरद ऋतूत वयात येतात, मादीच्या शोधात थोडे आठवडे भटकतात आणि मरतात. मादी मात्र नळीत वर्षभर सापडते. म्हणून दुसरी फेरी पानगळीच्या सुमाराला. जमिनीच्या पातळीला तोंड येईल असे प्लास्टिकचे पेले पुरायचे, त्यात थोडं प्रॉपिलीन ग्लायकॉल, वर पावसापासून आडोसा. सापडलेला नर शेजारच्याच मादीचा आहे असं गृहीत धरायचं नाही. एका ओंडक्याखाली दोन प्रजाती नांदू शकतात. दोघांचा सीओआय जुळला, तरच ‘अज्ञात’ हा शब्द खोडायचा.