जुवाने मोजलेली पाणंद

श्रोतेहो, नमस्कार.

नळाला दोन दिवस पाणी आलं नाही तर माणूस तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत येऊन विचारतो. रस्त्याचं तसं नाही. रस्ता खचत जातो, अरुंद होत जातो, आणि माणूस चार-चार वर्षं चिखल तुडवत गप्प राहतो. मग एक दिवस एकदम भांडायलाच येतो. ग्रामसेवक म्हणून मी ही भांडणं फार पाहिली. त्यावरून आज तुम्हाला दोनच शब्द सांगायचे आहेत. नोंद आणि चारी. पुन्हा सांगतो, नोंद आणि चारी, म्हणजे पाणी जायला रस्त्याच्या कडेने काढलेला चर.

आधी नोंद. गावातला प्रत्येक रस्ता ग्रामपंचायतीचा नसतो. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग साधारणपणे जिल्हा परिषदेकडे. गावठाणातले रस्ते, गल्ल्याबोळ पंचायतीकडे. पंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची एक नोंदवही असते, नमुना २३. रस्त्याचं नाव, लांबी, रुंदी त्यात लिहिलेली असते. तुमच्या घरापुढचा रस्ता त्यात आहे का, हे एकदा जाऊन पाहा. नोंदच नसेल तर त्या रस्त्यावर खर्च टाकताना पुढे अडचण येते, आणि कोणी ओटा पुढे ओढला तर हा रस्ता आहे हे दाखवायला हातात कागद नसतो.

नवा रस्ता धरायचा असेल तर तो गावाच्या विकास आराखड्यात यावा लागतो आणि आराखडा ग्रामसभेत मंजूर व्हावा लागतो. ग्रामसभेला गणपूर्ती लागते ती १५ टक्के मतदारांची किंवा १०० मतदारांची, यातला जो आकडा कमी असेल तो. एवढीही माणसं जमत नाहीत आणि सभा तहकूब होते, याचं मला अजून वाईट वाटतं. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. ती नुसती सह्यांपुरती होऊ देऊ नका. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन कुठल्या वळणावर पाय घसरतो, ते बायकांनाच माहीत असतं.

आता पाणंद. पाणंद म्हणजे शेतांमधून जाणारी वाट, हे तुम्हाला सांगायला नको. पण ती किती रुंद असते हे विचारलं तर दहांतले नऊजण अंदाजाने सांगतील. जुनी मोजणी साखळीने झाली. साखळी ३३ फुटांची, आणि तिचे १६ आणे, म्हणजे सोळा सारखे भाग. गाव नकाशावर दोन तुटक रेषा शेजारून जातात तो गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. म्हणजे कमीत कमी आठ आणे. एकच तुटक रेष असेल तर तो पायमार्ग, सव्वाआठ फूट, म्हणजे चार आणे. सातवीतल्या मुलाला जगाचा नकाशा वाचता येतो आणि स्वतःच्या गावाचा येत नाही. शाळेत वर्षातून एक तास तरी गाव नकाशाला द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

तर ती गोष्ट. माझ्याकडे एक गाव होतं, उसाचं. तिथे पाऊण किलोमीटरची एक पाणंद होती. नकाशावर दुहेरी तुटक रेषा, आणि जागेवर एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. दोन्ही बाजूंनी बांध दरवर्षी नांगराच्या एकेका तासाने आत सरकलेले. पाणंदीच्या अगदी टोकाला एका विधवा बाईचं दीड एकर रान. सगळा गाव तिला आक्का म्हणायचा. तिच्या उसाला वाटच नव्हती. शेजाऱ्याचा ऊस तुटला की त्याच्या मोकळ्या रानातून तिची ट्रॉली निघायची. तोवर तिच्या उसाला तुरा येऊन तो वाळायला लागलेला असायचा, वजन घटलेलं असायचं. दरवर्षी.

आम्ही दोनदा मोजणीचा टेप घेऊन गेलो. प्रत्येकाचं उत्तर एकच, "आज्यापासून बांध हितंच हाय." नकाशा दाखवला तर म्हणायचे, कागद जुना आहे. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा आक्का पारापाशी उभी होती आणि तिच्या दोन नातवांच्या खांद्यावर बैलगाडीचं जू होतं. तिचा नवरा गेल्यापासून ते पडवीत टांगलेलं होतं. बैलांच्या मानेने ते दोन जागी इतकं गुळगुळीत झालं होतं की तेल लावल्यासारखं चकाकत होतं.

ती म्हणाली, "भाऊसाहेब, टेप ठेवा पिशवीत. आज ह्यानं मोजायचं. ज्या वाटेनं ह्यांची गाडी जायची त्या वाटेनं हे आडवं जाया पायजे."

मी म्हटलं, बरं, चला. तर म्हणाली, "गावाकडनं न्हाई. माझ्या रानाकडनं सुरू करा."

मला काही उलगडा होईना. उन्हात पाऊण किलोमीटर चालत टोकाला गेलो. मागे पंधरा-वीस माणसं. पोरांनी जू आडवं धरलं, दहा पावलं गेली, आणि जू अडलं. कुठे? आक्काच्याच बांधाला. तिचा बांध चांगला तीन फूट आत आलेला होता. आक्का काही बोलली नाही. कंबरेला पदर खोचला, मोठ्या नातवाच्या हातात कुदळ दिली आणि स्वतः पाटी घेऊन उभी राहिली. घोळाची भाजी आणि हराळी उगवलेला तो बांध तासाभरात मागे गेला.

पुढे सात ठिकाणी जू अडलं. पहिल्या ठिकाणी थोडी कुरकुर झाली. दुसऱ्या ठिकाणी मालक घरी जाऊन स्वतःचं खोरं घेऊन आला. एकजण अडून बसला, त्याच्यासाठी तहसीलदारांकडे जावं लागलं. तोही मार्ग लक्षात ठेवा. चालू वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. सहा महिने. वाटच नसेल आणि बांधावरून नवी हवी असेल, तर जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३ आहे.

जुवाने सहा फूट मोकळे झाल्यावर नकाशाप्रमाणे साडेसोळा फूट करायला लोकच तयार झाले. रोजगार हमीतून माती काम आणि मुरूम घेतला. त्या योजनेत मजुरी आणि साहित्याचं प्रमाण ६०:४० ठेवावं लागतं, म्हणून खोदाईची कामं तिच्यात चांगली बसतात. मे महिन्यात काम झालं. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला आणि निम्मा मुरूम ओढ्यात गेला.

चूक माझी होती. बांध मागे गेले, मुरूम पडला, या आनंदात बाजूची चारी काढायची राहिली. पाण्याला जायला जागा नव्हती, ते रस्त्यावरूनच धावलं. आक्का म्हणाली, "वाट माणसाला दिली, पाण्याला कुठं दिली?" दुसऱ्या वर्षी दोन्ही बाजूंना चारी खोदली, मध्ये कासवाच्या पाठीसारखा उंचवटा ठेवून दबाई केली, आणि ओढ्याच्या वळणावर सिमेंट पाईपची मोरी टाकली. तो रस्ता टिकला. त्या हंगामात आक्काचा ऊस वेळेवर तुटला.

म्हणून म्हणतो, नोंद आणि चारी. काँक्रीटचा रस्तासुद्धा कडेला पाणी साचलं की खालून पोकळ होतो आणि त्याला तडे जातात. वेशीवर मोठी कमान बांधायला गाव उत्साहाने पैसा उभा करतं. ती कमान एक वर्ष पुढे ढकला आणि तो पैसा गटाराला द्या, असं मी प्रत्येक सरपंचाला सांगत आलो.

देखभालीचं काम मृग लागायच्या आधी उरकायचं. मोरीचं तोंड पालापाचोळ्याने बुजलेलं असतं, ते मोकळं करायचं. चारीतला गाळ काढायचा, आणि काढलेला गाळ पुन्हा चारीच्या काठावर टाकायचा नाही, पहिल्या सरीला तो परत आत येतो. खड्डा भरताना नुसती माती लोटायची नाही. खड्ड्यातलं पाणी काढून, कडा सरळ तासून, मुरूम थराथराने दाबायचा.

येत्या ग्रामसभेला जाल तेव्हा दोन गोष्टी मागून पाहा. नमुना २३ ची नोंदवही आणि गाव नकाशा. दोन्ही टेबलावर ठेवायला सांगा आणि आपल्या वाटेवर बोट ठेवून रुंदी वाचा.

नमस्कार.