पंक्तिप्रपंच आणि आत्मपरीक्षण

बंधुभगिनींनो, राखेचा बुधवार होऊन गेला आहे आणि पुनरुत्थानाच्या सणापर्यंतचा उपवासकाळ आपल्यापुढे आहे. या दिवसांत आत्मपरीक्षणावर बोलण्याची प्रथाच आहे, आणि प्रथा असल्यामुळे काय बोलले जाणार हेही आपल्याला आधीच ठाऊक असते. कोणी चहा सोडतो, कोणी मटण सोडतो, संध्याकाळच्या प्रार्थनांना एरवी न दिसणारे चेहरे दिसू लागतात. याची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. देहालाही शिस्त हवी असते. परंतु माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी आणि मगच त्या भाकरीतून खावे, हे जे वचन प्रभुभोजनापूर्वी, म्हणजे येशूच्या आठवणीने भाकर व द्राक्षरस घेण्याच्या विधीपूर्वी, आपल्या कानांवर पडते, ते प्रेषित पौलाने कोणत्या प्रसंगी लिहिले याकडे आपले फारसे लक्ष जात नाही, आणि आज मला त्या प्रसंगाविषयीच बोलायचे आहे.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय उघडा. इसवी सन 55 च्या सुमारास हे पत्र लिहिले गेले. त्या काळी ख्रिस्ती मंदिरे नव्हती. मंडळी कोणाच्या तरी घरी, बहुधा ऐपतदाराच्या घरी जमत असे आणि प्रभूचे भोजन हे खरोखरीचे जेवण असे. त्या जेवणात काय चालले होते हे पौल आडपडदा न ठेवता लिहितो: एक जण उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन मस्त होतो. अध्यायाच्या शेवटी तो सांगतो की जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. वाट कोणाची पाहायची, याचा अंदाज बांधणे कठीण नाही. ज्यांचा दिवस मालकाच्या हाती होता ते गुलाम आणि मजूर काम आटोपून येईपर्यंत भांडी रिकामी झालेली असत. आपल्या भाषेत याला पंक्तिप्रपंच म्हणतात, आणि तो काय असतो हे आपल्या समाजाला कोणी बाहेरून येऊन शिकवण्याची गरज नाही. आत्मपरीक्षणाची आज्ञा या पंगतीत दिली गेली आहे. एकांतात बसून मनातील वाईट विचारांची यादी करा, असे पौल तेथे म्हणत नाही. तुमच्या जेवणाने कोणाचा अपमान होतो आहे ते पाहा, असे तो म्हणतो. माझ्या मते या अध्यायाचा दुसरा कोणताही अर्थ ओढूनताणून लावावा लागतो.

स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले, ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी म्हणून. त्यांच्या मायदेशातील प्रेस्बिटेरियन मंडळ्यांमध्ये एक जुनी रीत होती. प्रभुभोजनाच्या आधी मंडळीतील लोकांच्या श्रद्धेची व वर्तनाची विचारपूस होई आणि पात्र ठरलेल्याला एक लहानसा, बहुधा शिशाचा बिल्ला मिळे. त्यावर मंडळीची आद्याक्षरे आणि साल ठसवलेले असे. भोजनाच्या वेळी तो बिल्ला मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांच्या हाती द्यावा लागे. ज्याचे शेजाऱ्याशी उघड भांडण असे, त्याला समेट होईपर्यंत बिल्ला नाकारला जाई. या रीतीत एक मोठे शहाणपण होते, कारण परीक्षा शेजाऱ्यापर्यंत पोहोचत होती. पण धोकाही तेथेच होता. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात कित्येक भाविक आपण अयोग्य आहोत या भीतीने आयुष्यभर प्रभुभोजनाच्या मेजाजवळ गेलेच नाहीत. पौल म्हणतो, परीक्षा करा आणि मग खा; भीतीने मागे राहा, असे तो म्हणत नाही. स्वतःकडेच टक लावून बसलेले मन अखेर स्वतःलाच दोषी किंवा निर्दोष ठरवून मोकळे होते, आणि दोन्ही निवाडे सारखेच अविश्वासार्ह असतात. म्हणूनच 139 व्या स्तोत्राचा कर्ता झडती घेण्याचे काम देवाकडे सोपवतो.

मग आत्मपरीक्षणातून नवीकरण झाले हे ओळखायचे कशावरून? लूकाच्या एकोणिसाव्या अध्यायातील जक्कयाकडे पाहा. यरीहोचा हा मुख्य जकातदार आपल्या अंतःकरणात काय घडले याविषयी एक शब्दही बोलत नाही. तो आकडे सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला नाडले असेल त्याला चौपट. येशू या घराला तारण प्राप्त झाले आहे असे म्हणतो, ते हे आकडे ऐकल्यावर. आपल्या साक्षींमध्ये अश्रू पुष्कळ असतात, आकडे मात्र क्वचितच असतात.

आपल्या या नागपूर शहराला तर सामुदायिक आत्मपरीक्षणाचा वारसा आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी येथील ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. बालकांचा बाप्तिस्मा मानणारे आणि केवळ सज्ञान विश्वासणाऱ्यांचाच बाप्तिस्मा मानणारे एकाच छताखाली आले, दोन्ही रीती ग्राह्य ठरल्या, आणि त्यासाठी प्रत्येकाला आपल्या आग्रहाचा काही भाग बाजूला ठेवावा लागला. त्याच वारशाचे आपण आज मंडळीच्या जमिनींवरून, निवडणुकांवरून आणि पदांवरून एकमेकांना कोर्टात खेचतो, आणि रविवारी वादी व प्रतिवादी वेदीपुढच्या एकाच कठड्याशी गुडघे टेकतात. लग्न जुळवताना आपण अजूनही हळूच मूळ जात विचारतो, आणि ती विचारणारेही त्याच भाकरीचे वाटेकरी असतात.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की वेदीशी दान आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे. मनात काही आहे ते त्याच्या. जायचे मात्र आपण आहे. यावर नेहमी विचारले जाते की त्याने दारच उघडले नाही तर काय करायचे. हा प्रश्न प्रामाणिक असतो, कारण काही दारे खरोखरच उघडत नाहीत. रोमकरांस लिहिताना पौलाने त्याची सोय करून ठेवली आहे: शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितके, सर्वांशी शांतीने राहा. दार उघडणे आपल्या हाती नाही, हे पौलालाही मान्य आहे. सूट आहे ती त्या दारापुढे, आपल्या घरापासून त्या दारापर्यंतच्या वाटेला ती लागू होत नाही. आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ती वाट अजून धरलेली नाही.