करवंदीतली हाक

(दृश्य : उतरतं ऊन, काटेरी रान)

आंध्र प्रदेशातला कडपा जिल्हा. लंकामल्ला डोंगरांच्या पायथ्याचं हे काटेरी रान. अशा जमिनीला आपण सरसकट पडीक म्हणतो. पण जेर्डनचा धाविक या पक्ष्याला हेच रान लागतं. तेलुगूत तो ‘कलिवी कोडी’. कलिवी म्हणजे आपली करवंद. करवंदीच्या जाळीतली कोंबडी!

1900 नंतर हा पक्षी कुणाला दिसलाच नाही. जानेवारी 1986 मध्ये इथल्या एका शिकाऱ्याने रात्री विजेरीच्या झोतात तो धरला आणि मुंबईच्या बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) या संस्थेने चालवलेल्या शोधाला यश आलं. तरी पुढेही तो क्वचितच दिसला. दिवसा जाळीत दडायचं, रात्री मोकळ्या जमिनीवर धावायचं, ही त्याची रीत. अभ्यासकांनी चाळलेल्या मातीच्या पट्ट्या अंथरून पायांचे ठसे शोधले. त्याच्या आवाजाचं पहिलं ध्वनिमुद्रण मात्र प्रसिद्ध झालं ते थेट 2004 मध्ये.

(दृश्य : बोरीच्या खोडाला बांधलेली पेटी)

हा ध्वनिमुद्रक. सूर्य मावळल्यावर साधारण 45 ते 50 मिनिटांनी धाविक साद घालतो. ट्विक्-टू, ट्विक्-टू. सेकंदाला एक. काही मिनिटं, फार तर वीस. मग गप्प. तेवढ्या वेळात माणूस एकाच जागी कान देऊ शकतो. पेट्या दहा जागी ठेवल्या, तर दहाही जागा एकाच संध्याकाळी ऐकल्या जातात. तेही रोज, न कंटाळता.

(दृश्य : संगणकाचा पडदा)

इथे आवाज डोळ्यांना दिसतो. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर सुराची पट्टी. ही टिटवी. हा करवानक, लांबच लांब. ही रातव्याची टकटक. सारखे वाटणारे तुकडे संगणक निवडून देतो, पण धाविक आहे की नाही हे शेवटी माणसाचा कानच ठरवतो. एक रात्र शांत गेली म्हणून रान रिकामं ठरत नाही. म्हणून पेट्या आठवडेच्या आठवडे तिथेच ठेवायच्या. साद कुठे आली आणि किती रात्री आली, यावरून पक्षी कुठे तग धरून आहे ते उमगतं.

कालव्याच्या खोदाईत आणि लिंबाच्या बागांखाली यातलं काही रान गेलं.

ऑगस्ट 2025. कडप्यातच, रात्रीच्या अंधारात पक्षीनिरीक्षकांनी ही साद पुन्हा ध्वनिमुद्रित केली. दहाहून अधिक वर्षांनी.

(दृश्य : पेटी उघडते)

कार्ड बदललं, बॅटऱ्या बदलल्या. झाकण घट्ट. सूर्य मावळायला अजून तासभर आहे.